सातवीतलं गिऱ्हाईक

मागच्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धेची परीक्षक म्हणून गेले होते. अशा स्पर्धांचं बोलावणं आलं की मी जातेच, एक तर पोरं आजकाल काय बोलतात ते कानावर पडतं, आणि दुसरं म्हणजे परीक्षकाच्या मनोगताला लोक जेवढं शांत बसून ऐकतात तेवढं घरी मला कोणी ऐकत नाही. विषय फळ्यावर रंगीत खडूनं लिहिला होता, ‘सर्व प्रकारच्या मद्यखरेदीसाठी किमान वय 25 करावे’. म्हणजे आपल्याकडे बिअर-वाइनला 21 आणि बाकी कडक मालाला 25 असं जे आहे ना, त्यातलं ते 21 काढून टाकायचं आणि सरसकट 25 लावायचं. बाजू चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या, त्यामुळे ज्याला जी बाजू आली ती त्याला पटलेली असेलच असं नाही, पण माईक हातात आला की पोरं अशी तावातावानं बोलतात की वाटावं ही उद्याच मंत्रालयावर मोर्चा नेणार.

अनुकूल बाजूनं एक मुलगा बोलला. काटकुळा, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, पण कॉलर आतून घासून घासून विरलेली. भाषण पाठ केलेलं होतं हे कळत होतं, मधेच अडकला तेव्हा छताच्या पत्र्याकडे बघितलं आणि पुन्हा सुरू झाला. मग प्रश्नोत्तरांची फेरी आली. समोरच्या टीममधला एक टगा, केसांना भरपूर जेल, त्यानं विचारलं, “आपण एवढं सगळं बोललात, पण आपण स्वतः कधी दारूच्या दुकानात गेलायत का?” प्रश्न हशा काढायलाच टाकला होता. ह्या मुलानं लगेच सांगितलं, “हो. सातवीत असल्यापासून जातो. पप्पांसाठी. देशीच्या दुकानात मला वय कधीच कोणी विचारलं नाही. मी नुसते पैसे ठेवले तरी त्यांना कळतं कुठली द्यायची.” आणि त्याच दमात, “पुढचा प्रश्न.”

हॉल हसला. टाळ्या पडल्या, मागून एक शिट्टीसुद्धा आली. समोरच्याची बोलती बंद झाली होती त्यामुळे वादविवादाच्या हिशोबानं उत्तर भारीच होतं. माझ्यापुढे मार्कांचा तक्ता, त्यात विषयाची मांडणी, मुद्देसूदपणा, भाषा व उच्चार, देहबोली, खंडन. मी पेनाचं टोपण काढून बसलेली.

ह्याला मार्क कुठल्या रकान्यात द्यायचे?

दिले शेवटी ‘खंडन’मध्ये. पण त्या दिवसापासून ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, नुसते पैसे ठेवले तरी कळतं कुठली द्यायची. आपण किराणावाल्याकडे असं नेहमीचं गिऱ्हाईक असतो.

बाकीची भाषणंही काही वाईट नव्हती हां. जवळपास प्रत्येकानं कल्याणीनगरचा अपघात काढला, मे 2024 चा. त्यावर वेगळं सांगायची गरजच नव्हती, पब, पोर्शे, मध्यरात्रीनंतरची वेळ, जिवानिशी गेलेले दोन तरुण इंजिनिअर आणि मग गाडी चालवणाऱ्या पोराला जामिनासाठी लिहायला सांगितलेला तो 300 शब्दांचा निबंध. त्या निबंधाचा ह्या वयाच्या पोरांना जेवढा राग आहे तेवढा महागाईचा आणि पेपरफुटीचाही नसेल, कारण निबंध लिहिण्यात ह्यांची उभी हयात गेलीये आणि त्याची किंमत काय असते हे त्यांना पक्कं माहितीये. प्रतिकूल बाजूची एक मुलगी म्हणाली, “तो 17 चा होता. कायद्यातलं वय 25 होतं, निदान बिअरचं 21. तुम्ही ते 30 केलं असतं, 60 केलं असतं, तरी ग्लास त्या टेबलावर आलाच असता. तिथे ग्लास वय बघून येत नाही, बिल कोण भरणार ते बघून येतो.” मी हिला दुसरा नंबर दिला. पहिला द्यायला हवा होता असं सोबतच्या परीक्षकांचं म्हणणं, असो.

एकानं अमेरिका आणली. वादविवादात अमेरिका यावीच लागते, त्याशिवाय दहा मिनिटं भरत नाहीत. 1984 साली तिथल्या केंद्र सरकारनं राज्यांना सांगितलं की दारूचं वय 21 करा नाहीतर हायवेच्या पैशाला कात्री लावू, आणि 1988 पर्यंत सगळी राज्यं गुमान रांगेत उभी राहिली, रस्त्यावर मरणारी तरुण पोरं कमी झाली, असं तो टेबलावर हात आपटून बोलला. त्यावर त्याच मुलीनं विचारलं की तिकडे 18 व्या वर्षी हातात बंदूक देऊन सैन्यात घेतात आणि बिअर मात्र देत नाहीत हे तुम्हाला पटतं का, आणि 2008 मध्ये तिथल्याच शंभरावर कॉलेजच्या अध्यक्षांनी ह्या वयावर पुन्हा चर्चा करा म्हणून सह्या का केल्या होत्या. तो म्हणाला तो आमचा मुद्दा नाही. कोणीतरी लिथुआनियाचं नाव घेतलं, 2018 पासून तिथे 18 चं 20 केलं म्हणे, आणि ते बरोबर आहे, पण हॉलमध्ये लिथुआनिया कुठे आलं हे दोघाचौघांनाही ठाऊक नसावं. मला सगळ्यात आवडला तो सिंधुदुर्गातला एक पोरगा. तो म्हणाला, “बांद्याला मी बेकायदेशीर, पत्रादेवीचा नाका ओलांडला की कायदेशीर. मधे सात वर्षं आहेत आणि स्कूटरवर थोडा वेळ जातो.” गोव्यात 18 ना. म्हणजे त्याच मुलाचं तेच लिव्हर, तोच मेंदू, तोच आईचा धाक, फक्त पाटीवरचं राज्य बदललं. केरळनं 2017 मध्ये 21 चं 23 केलं, हरियाणानं 2021 मध्ये 25 चं 21 केलं, दिल्लीत त्याच साली 25 चं 21 करणार म्हणून जाहीर झालं आणि मग त्या धोरणाचंच जे काय झालं ते आपण बातम्यांत बघितलं. माणूस नक्की कितव्या वर्षी शहाणा होतो ह्यावर आपल्या देशात राज्याराज्यात एकमत नाहीये.

चहाच्या वेळी मात्र गंमत झाली. चिठ्ठीत आलेल्या बाजू पोरांनी स्टेजवरच सोडल्या आणि पोह्यांच्या प्लेटी घेऊन खरं बोलायला लागली. तो जेलवाला, जो वयोमर्यादेच्या विरोधात व्यक्तिस्वातंत्र्यावर घसा ताणून बोलला होता, मला म्हणतो, “मॅडम, करा की 25, आम्हाला काय फरक पडतोय? प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी 26 चा असतोच. नापास झालेला.” सगळे खिदळले आणि त्यातल्या एकाकडे बघितलं, तो बिचारा लाजला. म्हणजे ह्यांच्या दृष्टीनं 25 ही अट नाहीच, ती एक किरकोळ कटकट आहे, हेल्मेटसारखी, चौकात मामा दिसला की घालायचं. दुसरा जरा गंभीर होता, तो म्हणाला, “राग वयाचा नाही येत. आमच्या इथल्या वाइन शॉपमध्ये भिंतीवर बोर्ड आहे, इतक्या वयाखालच्यांना विक्री बंद. आम्ही त्या बोर्डाच्या खालीच रांगेत उभं राहतो. पोलीससुद्धा त्याच रांगेत असतात, साध्या कपड्यात. आता तुम्ही तो आकडा खोडून दुसरा लिहिणार. मग?” त्याला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, मी पोह्यातली मिरची बाजूला काढत राहिले.

मुलींचं बोलणं वेगळंच निघालं. त्यातल्या दोघीतिघी पुण्यात हॉस्टेलला राहून आलेल्या, त्यांचं म्हणणं असं की वय विचारतात ते फक्त मुलींना. मुलगा खिडकीत हात घालतो आणि घेऊन जातो, मुलगी गेली की आधी ती कुठली, मग आधार कार्ड, मग मागच्या रांगेतल्या चार जणांची मतं. एक म्हणाली, “मला आवडतच नाही बिअर, कडू लागते, पण ज्या दिवशी त्या माणसानं मला सगळ्यांसमोर ‘घरी माहितीये का’ असं विचारलं ना त्या दिवशी मुद्दाम दोन टिन घेऊन आले आणि एक ओतून दिला.” ती हे चिडून सांगत होती, त्यामुळे मी हसू आवरलं. पण बघा, कायदा एकच, आणि तो लागू कोणाला होतो तर जिच्याकडे बघायला सगळ्यांना आवडतं तिलाच.

तो काटकुळा मुलगा लांब पायरीवर बसून पोहे खात होता. मी गेले जवळ, काय बोलावं कळेना म्हणून म्हटलं भाषण छान झालं तुझं. तो उठून उभा राहिला. म्हणाला, “मॅडम, मी पीत नाही हां.” मी म्हटलं अरे मी ते विचारलंच नाही. मग जरा वेळानं विचारलं, तुला मनापासून वाटतं का 25 करावं म्हणून? तर म्हणतो, “मला चिठ्ठीत अनुकूल आलं. प्रतिकूल आलं असतं तरी हेच उत्तर होतं माझ्याकडे.”

आणि मग, “पप्पा 44 चे आहेत.”

एवढं बोलून तो प्लेट ठेवायला गेला.

एसटीत खिडकीला डोकं टेकून मी घरचा विचार करत होते. आमच्या गच्चीवर महिना-दोन महिन्यांतून एखाद्या शनिवारी नवरा आणि त्याचे मित्र बसतात. काही आरडाओरडा नाही, भांडणं नाहीत, जुनी गाणी, कोणाचं तरी ट्रान्सफरचं रडगाणं, अकरा वाजता सगळे आपापल्या घरी, एकजण न पिणारा असतो तो सगळ्यांना सोडतो. मी शेंगदाण्यात कांदा-लिंबू घालून देते, पापड भाजून देते. आणि वर बर्फ कोण न्यायचं? आमचे चिरंजीव. चौथी-पाचवीत असल्यापासून. फ्रीजमधला निळा ट्रे नळाखाली धरायचा, पिळायचा, खडे स्टीलच्या डब्यात पाडायचे आणि दोन्ही हातांनी डबा छातीशी धरून जिना चढायचा, कारण वर गेलं की काका लोक मूठभर शेंगदाणे देतात आणि शाळेत काय चाललंय विचारतात. त्याला ते इतकं आवडायचं की पाहुणे यायच्या आधीच तो ट्रे भरून ठेवायचा. आमच्या सोसायटीत कोणाला ह्यात वावगं वाटलेलं नाही, मलाही नाही, आजही त्याच्या त्या डबा घेऊन जिना चढण्याचा फोटो आमच्या फॅमिली ग्रुपवर वाढदिवसाला फिरतो. एक मुलगा बर्फ नेतो, एक क्वार्टर आणतो. एकाचं कौतुक होतं आणि दुसऱ्याचं ऐकून हॉल हसतो.

त्या गच्चीवर येणाऱ्या एकाकडे पिण्याचा परवाना आहे, आजीवन. फोटो लावलेला, लॅमिनेट केलेला, पाकिटात पॅन कार्डाच्या मागे. तो प्रत्येक वेळी काढून दाखवतो, जसं काही पासपोर्ट. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्यानं अजून बंदीच आहे आणि परवाना असेल तर सूट आहे हे मला त्याच्याकडूनच कळलं. एका दिवसाचा परवाना विदेशीला 5 रुपये, देशीला 2 रुपये, वर्षाचा 100, जन्माचा 1000. आणि परवाना कशासाठी? तर प्रकृती राखण्यासाठी, असं त्याच्यावर छापलेलं आहे, मी चष्मा लावून वाचलंय. एका बाजूला माणसाची प्रकृती राखायला दारू लागते असं सरकार लिहून देतं आणि दुसऱ्या बाजूला तेच सरकार 2011 मध्ये व्यसनमुक्तीचं धोरण आणून सांगतं की कडक दारूला 25 वय हवं. तेव्हा किती गदारोळ झाला होता, सिनेमातला इम्रान खान हायकोर्टात गेला होता ह्या 25 विरुद्ध. माझा मुलगा तेव्हा अगदीच लहान होता, त्याला त्यातलं काही आठवत नाही, त्याच्या पिढीला 25 जन्मापासूनच आहे असं वाटतं.

त्याला मी फोनवर ह्या स्पर्धेचं सांगितलं. तो बंगळुरूला असतो, 24 चा आहे, आणि पितो की नाही हे मी विचारत नाही आणि तो सांगत नाही, असा आमचा करार आहे. तो म्हणाला, “आई, लोकसभेला उभं राहायला किती वय लागतं माहितीये का? 25. म्हणजे महाराष्ट्रात मी खासदार आणि व्हिस्की एकाच दिवशी.” मग त्यानं यादीच सुरू केली. मत द्यायला 18, तेसुद्धा 1989 पासून, त्याआधी 21 होतं. गाडी चालवायला 18. लग्नाला मुलीला 18, मुलाला 21. म्हणजे 21 च्या मुलानं लग्न करायचं, पोर जन्माला घालायचं, पोर बालवाडीत जाईपर्यंत थांबायचं आणि मग एक पेग घ्यायचा. “खरं तर त्यालाच लवकर गरज आहे,” असंही वर. मी त्याला म्हटलं फालतू बोलू नकोस, पण नंतर भांडी घासताना हसत होते.

पण माझ्या भाचीपुढे हे विनोद चालत नाहीत. ती डॉक्टर होतेय, इंटर्नशिप चालू आहे, मेडिसिनच्या वॉर्डात ड्युटी. तिला मी म्हटलं अगं सगळी पोरं म्हणतात वय वाढवून काही होत नाही, तर ती जी सुटली. म्हणाली मावशी तू एकदा येऊन बघ, डोळे हळदीसारखे पिवळे, हातापायाच्या काड्या आणि पोट एवढं की पाणी काढायला सुई घालावी लागते, बाटली भरताना आवाज येतो, आणि बायको बाजूला उभी राहून विचारते आता किती दिवसांनी परत भरेल. हे लोक 25 च्या आतले नसतातच. पस्तीस, चाळीस. पण कधी सुरू केली विचारलं की उत्तर सोळा नाहीतर सतरा. “जेवढी उशिरा सुरुवात तेवढी सुटायची शक्यता जास्त, एवढं तरी मान्य कर.” विशीच्या मध्यापर्यंत मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे जिथून आपण स्वतःला ‘नको’ म्हणतो तो, पक्का होत असतो हेही तिनं सांगितलं. लॅन्सेटमध्ये 2022 ला आलेला अभ्यास दाखवला, त्यात चाळिशीच्या आतल्यांना दारूचा फायदा काहीच नाही, धोकाच आहे असं लिहिलंय. मुलगा व्हिडिओ कॉलवर होता, तो म्हणाला मग 40 करून टाका. भाची म्हणाली, “कर. मी पहिली सही करते.” आणि ती हसत नव्हती.

मी दोघांचंही ऐकते आणि दोघांचंही मला पटतं, ही माझी जुनी खोड आहे.

भाचीची रूममेट चंद्रपूरची. तिच्या लहानपणी तिथे 2015 ला दारूबंदी लागली आणि 2021 ला उठली, म्हणजे तिचं अख्खं हायस्कूल आणि कॉलेज बंदीत गेलं. तिच्या जिल्ह्यातल्या बायका 2010 मध्ये चिमूरहून नागपूरला चालत गेल्या होत्या बंदी द्या म्हणून, तिची आजीही गेली होती, आजीच्या पायाचे फोड तिला आठवतात. ती म्हणाली, “बंदी लागली तेव्हा पहिले काही महिने आजीला झोप लागायची रात्रभर. मग वर्गातल्या मुलांच्या दप्तरात बाटल्या यायला लागल्या, कारण पोरांना कोण तपासतंय.” म्हणजे तिथेही ते सातवीतलंच गिऱ्हाईक, फक्त आता डिलिव्हरी करणारं. मी विचारलं बंदी उठली ते बरं झालं की वाईट? ती बराच वेळ मोबाईलचं कव्हर काढत-घालत राहिली आणि म्हणाली की आजीसमोर मी वाईट म्हणते. कितीतरी गावांत बायकांनी मतदान करून आडवी बाटली केली, निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद, त्या मतदानात वयाचा विषयच नव्हता. त्या बायकांना कोण कितव्या वर्षी विकत घेतं ह्याच्याशी देणंघेणं नव्हतं, कोण कुठल्या अवस्थेत घरी येतं ह्याच्याशी होतं.

सरकारचंही मला कळत नाही कधीकधी. 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय होतो, शेतकऱ्याच्या द्राक्षाचं नाव पुढे केलं जातं, विरोध झाला की गुंडाळून ठेवतात. 2025 च्या जूनमध्ये उत्पादन शुल्क वाढवलं, 14 हजार कोटी जास्तीचे मिळतील असा अंदाज, देशीची 180 मिलीची बाटली निदान 80 रुपयांना आणि विदेशीची 205 ला असे भाव ठरले. भाववाढीवर पोरं काय म्हणतात ते फार मजेशीर आहे. मुलाचा एक मित्र म्हणाला, “काकू, वय वाढवलं की आम्ही दुसऱ्या कोणाला तरी आणायला सांगतो. भाव वाढवला की आम्ही खरंच कमी पितो.” म्हणजे सरकारला जे करायचंय त्याचा रस्ता हाच आहे, असं वाटेल. पण मग मला तो पायरीवरचा मुलगा दिसतो. त्याच्या पप्पांची बाटली महागली म्हणून पप्पा कमी पिणार की घरातली भाजी कमी येणार? मला वाटतं हे आपल्याला न विचारताही माहितीये. त्या मुलानं किती पैसे नेले असतील दुकानात, आधी किती आणि जूननंतर किती, हे त्याला कोणीतरी विचारायला हवं होतं, त्या फेरीत प्रश्नांना वेळ होता.

स्पर्धेत मनोगत व्यक्त करायची वेळ आली तेव्हा मी उच्चारांवर बोलले, ‘श’ आणि ‘ष’ वर, आणि वेळेचं भान ठेवा वगैरे. विषयावर काहीच बोलले नाही. परीक्षकानं बाजू घ्यायची नसते असं कारण आहेच तयार. पण आता कोणी विचारलंच तर मला 25 शी भांडण नाहीये, 21 शी नाही, भाचीच्या 40 शीही नाही. मला फक्त एवढं खटकतं की वयाची ही सगळी चर्चा पिणाऱ्या पोराला डोळ्यांपुढे ठेवून होते, पबमधलं, हॉस्टेलमधलं, एकतीस डिसेंबरचं. काउंटरवर पैसे ठेवणारं पोरगं आणि पिणारा माणूस वेगळे असू शकतात हे त्या चर्चेत कुठेच येत नाही. देशीच्या दुकानात दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात बाटली देणाऱ्याला आजही कायद्यानं ती देता येत नाही, त्यासाठी नवीन आकडा काढायची गरजच नाहीये. तो जुना आकडासुद्धा पुरेसा आहे. निदान तिथे, निदान त्या खिडकीत, सरकारचा माणूस महिन्यातून एकदा उभा राहिला आणि मुलांना परत पाठवलं तर काय होईल? बाप चिडेल, स्वतः जाईल. जाऊ दे की स्वतः. गावातून चालत जाऊ दे, ओळखीचे चार जण बघू देत. पोराला पाठवण्यात जी सोय आहे ती तरी जाईल. भाची म्हणते हे भाबडं आहे, बाप पोरालाच मारेल. असेलही. मी त्या घरात राहिलेली नाही आणि तिनं त्या घरातली माणसं वॉर्डात बघितलीयेत, त्यामुळे मी गप्प बसते, पण माझं मत बदललेलं नाही.

पोरांचं म्हणाल तर ती आपल्यापेक्षा ह्या बाबतीत जास्त सरळ आहेत. पिणारी म्हणतात पितो, न पिणारी म्हणतात नाही, आणि दोघंही एकाच टेबलावर बसतात, कोणी कोणाला आग्रह करत नाही. मुलाच्या ग्रुपमधले निम्मे लिंबूसोडा घेतात आणि त्यांना कोणी चिडवत नाही. आमच्या वेळी एक तर सोवळं नाहीतर झिंगून पडणं, मधलं काही नव्हतंच.

नोव्हेंबरात चिरंजीव 25 चे होतात. नवऱ्याच्या डोक्यात आलंय की त्या दिवशी पोराबरोबर गच्चीवर बसायचं, बाप-लेक, पहिल्यांदा उघडपणे. त्याच्यासाठी एक बाटली बघून ठेवलीये म्हणे, किंमत मला सांगत नाही. मी म्हटलं बसा, पण परवाना काढून बसा, दोघांचाही, कायदा म्हणजे कायदा. दोघं हसले. मी म्हटलं मी खरंच सांगतेय, पैसे मी देते. मग नवरा जरा वरमला आणि रात्री मोबाईलवर ती सरकारी साइट उघडून बसला, फोटो किती केबीचा लागतो, पत्ता जुना चालेल का, असं चाललं होतं त्याचं. मी विचारलं, कशासाठी हवाय ते लिहायचंय का त्यात? तो म्हणाला, “नाही गं, ते आधीच छापलेलं असतं.”